अंश कुठे संपतो, छेद कुठे सुरू होतो? : गणिताच्या शिक्षकांना लेटेक शिकवताना

(साखरा, ता. सेनगाव, जि. हिंगोली येथे दिलेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

समोर गणिताचे शिक्षक आहेत, मॅडम आहेत, मागे काही पालक आणि दहावीची लेकरंही बसलेली दिसतात. विषयाचं नाव ऐकून पालकांना वाटलं असेल, हे काही आपल्या कामाचं नाही. जरा थांबा. सुरुवात तुमच्या लेकरांच्या मार्कांपासूनच करतो.

काही वर्षांपूर्वी मी दहावीच्या सराव परीक्षेचा पेपर काढला. हाताने लिहिला, टायपिंगला दिला, संध्याकाळी घाईघाईत झेरॉक्स काढून आणल्या. त्यात एक साधं वर्गसमीकरण होतं. क्षचा वर्ग, वजा पाच क्ष, अधिक सहा, बरोबर शून्य. सगळ्यांना तोंडपाठ आहे, मुळं दोन आणि तीन. टाइप होताना क्षच्या डोक्यावरचा दोन खाली उतरला आणि क्षच्या शेजारी, त्याच ओळीत जाऊन बसला. एका मुलीने ते 'दोन क्ष' असं वाचलं. दोन क्ष वजा पाच क्ष म्हणजे उणे तीन क्ष. उणे तीन क्ष अधिक सहा बरोबर शून्य, म्हणून क्ष बरोबर दोन. तिच्या दृष्टीने गणित संपलं.

मी तपासताना खालचं उत्तर बघितलं. दोन आलंय, तीन नाही. अर्धे गुण कापले आणि लाल शाईने लिहिलं, 'दुसरं मूळ कुठे?' पेपर वाटल्यावर ती पोरगी प्रश्नपत्रिकाच घेऊन आली. म्हणाली, "सर, यात वर्ग कुठंय?"

योगायोग बघा. चुकीच्या समीकरणाचं उत्तर हे बरोबर समीकरणाचं एक मूळ निघालं. सतरा किंवा एकवीस असं काही आलं असतं तर मला शंका आली असती, मी पायऱ्या वाचल्या असत्या. दोन आलं म्हणून मी निर्धास्त राहिलो. पुन्हा सगळा गठ्ठा तपासला. असं वाचणारी ती एकटी नव्हती.

आता यात चूक कोणाची? टायपिंग करणाऱ्या माणसाला मी दोष देत नाही. तो दिवसभर लग्नपत्रिका, अर्ज, प्रतिज्ञापत्रं करतो. त्याने कागदावर दोन बघितला, दोन टाइप केला. मराठी मजकुरात एखादं अक्षर थोडं वर-खाली झालं तरी शब्द वाचता येतो. गणितात मात्र उंचीलाच अर्थ असतो. ओळीवरचा दोन वेगळा, वर चढलेला दोन वेगळा, खाली उतरलेला दोन आणखी वेगळा. हे ज्याला माहीत आहे तो माणूस, म्हणजे आपण गणिताचे शिक्षक, टायपिंगच्या वेळी तिथे नसतो. माझं आजचं सगळं बोलणं एवढ्याशा गोष्टीभोवती आहे. गणित ज्याला कळतं त्याच्याच हातात गणिताची छपाई असली पाहिजे. आणि ती येऊ शकते, तुम्हाला वाटतं त्यापेक्षा सोपेपणाने.

ही अडचण जुनी आहे. शिशाचे खिळे जुळवून छपाई होत होती तेव्हासुद्धा गणिताचं पान म्हणजे जुळाऱ्याला शिक्षाच. घातांकासाठी बारीक खिळे, अपूर्णांकासाठी मधली रेघ, वर अंश, खाली छेद, सगळं हाताने बसवायचं. इंग्रजी छापखान्यांत अशा मजकुराला 'पेनल्टी कॉपी' म्हणायचे आणि त्याचा दर जास्त लावायचे.

१९७७ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डोनाल्ड कनुथ या प्राध्यापकाच्या हातात त्याच्याच पुस्तकाची मुद्रितं आली. संगणकशास्त्रावरच्या त्याच्या ग्रंथमालेतल्या दुसऱ्या खंडाची ती नवी आवृत्ती होती. पहिली आवृत्ती खिळ्यांवर छापलेली, देखणी. नवी आवृत्ती त्या काळच्या नव्या फोटो-टाइपसेटिंग यंत्रावर, आणि ती त्याला बघवेना. त्याने ठरवलं की हे काम करणारा प्रोग्रॅम आपणच लिहायचा. एका वर्षाच्या सुट्टीत होईल असा अंदाज होता, पुढे जवळजवळ दहा वर्षं गेली. त्या प्रोग्रॅमचं नाव टेक. तो त्याने सगळ्यांना फुकट दिला. तुम्ही गणितवाले आहात म्हणून आणखी एक गंमत सांगतो. टेकच्या आवृत्तीचा क्रमांक दर दुरुस्तीला 'पाय'च्या किमतीकडे सरकतो. ३.१, मग ३.१४, मग ३.१४१, असा.

टेक ताकदवान होतं, पण थेट वापरायला अवघड. म्हणून १९८० च्या दशकात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी त्यावर एक सोपा थर चढवला, तो लेटेक. नावाच्या शेवटी इंग्रजी एक्स दिसतो, पण ते ग्रीक अक्षर आहे आणि त्याचा उच्चार 'क'च्या जवळचा आहे. त्यामुळे 'लेटेक्स' म्हणू नका, लेटेक्स म्हणजे रबराचा चीक. आज जगभर गणिताचे शोधनिबंध मुख्यतः लेटेकमध्येच लिहिले जातात.

आता हे चालतं कसं? वर्डमध्ये आपण पान दिसेल तसं सजवतो. माऊसने निवडायचं, वर चढवायचं, आकार लहान करायचा. लेटेकमध्ये आपण साध्या मजकुराच्या फाइलमध्ये हे काय आहे ते लिहितो, आणि ते दिसावं कसं हे काम प्रोग्रॅम करतो. गणित सुरू झालं की डॉलरचं चिन्ह, संपलं की पुन्हा डॉलर. घातांकासाठी की-बोर्डवर सहाच्या आकड्यावर टोपीसारखं चिन्ह असतं ते. अपूर्णांकासाठी उलटी तिरकी रेघ आणि 'फ्रॅक' ही चार इंग्रजी अक्षरं. मग एका महिरपी कंसात अंश, दुसऱ्या महिरपी कंसात छेद. वर्गमूळासाठी तीच उलटी रेघ, पुढे एस-क्यू-आर-टी, आणि महिरपी कंसात वर्गमूळाखालची राशी. फाइल तयार झाली की ती कंपाइल करायची, म्हणजे प्रोग्रॅममधून काढायची. पीडीएफ हातात येते.

फळ्यावर वर्गसमीकरणाचं सूत्र लिहितो. लेकरांनो, तुम्ही मोठ्याने वाचा. "उणे बी, अधिक-उणे वर्गमूळात बी वर्ग वजा चार ए सी, भागिले दोन ए." बरोबर वाचलंत. आता मला सांगा, 'भागिले दोन ए' हे कशाला लागू आहे? सगळ्याला की फक्त वर्गमूळाला? वाचताना कळत नाही. फळ्यावर लांब आडवी रेघ दिसते म्हणून कळतं. टायपिंगमध्ये हे सूत्र एका ओळीत आलं, मध्ये नुसती तिरकी रेघ पडली, की अर्थ हरवतो. आपलंच मघाचं समीकरण घ्या. उणे बी म्हणजे पाच, वर्गमूळात पंचवीस वजा चोवीस म्हणजे एक. सगळ्याला दोनने भागलं तर तीन आणि दोन, बरोबर मुळं. फक्त वर्गमूळाला भागलं तर साडेपाच आणि साडेचार. सूत्र पाठ आहे, आकडेमोड बरोबर आहे, आणि उत्तर साफ चूक.

लेटेकमध्ये हे सूत्र लिहायला घेतलं की फ्रॅक लिहिल्यावर महिरपी कंस उघडावाच लागतो. अंश कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो, हे ठरवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. टायपिंगवाल्याला हा प्रश्न अवघड जाईल. तुम्हाला अवघड नाही, कारण तुम्ही रोज वर्गात हेच समजावता. म्हणून मी म्हणतो, ही संगणकाची भाषा असली तरी गणिताच्या शिक्षकाला ती अर्धी आधीच येते.

मग शिक्षक घाबरतात कशाला? इथे माझी स्वतःची चूक सांगतो. पहिल्यांदा शिक्षकांना शिकवायला घेतलं तेव्हा मी सुरुवात इन्स्टॉल करण्यापासून केली. मग फाइलचे प्रकार, कागदाचा आकार, समास, पॅकेज. दुपारच्या जेवणापर्यंत एकही गणित कागदावर आलं नव्हतं. जेवणानंतर निम्मे लोक परत आले नाहीत. त्यांचं चुकलं नाही. गाडी शिकायला आलेल्या माणसाला मी इंजिन खोलून दाखवत होतो.

आता मी वेगळ्या क्रमाने शिकवतो. तुमच्यापैकी कोणी पुढे इतरांना शिकवणार असेल तर हा क्रम लक्षात ठेवा.

सगळं इन्स्टॉल आदल्या दिवशी करून ठेवायचं. टेक लाइव्ह हा संपूर्ण संच पाच जीबीच्या पुढे जातो, आपल्या मोबाइलच्या नेटवर तो वर्गात बसून उतरवू नये. पेन ड्राइव्हवर घेऊन जावा. जिथे नेट चांगलं आहे तिथे ओव्हरलीफसारखी संकेतस्थळं आहेत, काहीही इन्स्टॉल न करता ब्राउझरमध्ये काम होतं. पण खेड्यातल्या वर्गाची योजना नेटच्या भरवशावर आखू नये, आणि विजेच्याही नाही.

त्यानंतर प्रत्येकाने स्वतःचा जुना पेपर आणायचा. मी तयार केलेली उदाहरणं कोणाला आपली वाटत नाहीत. स्वतःचा पेपर असला की माणूस म्हणतो, हे माझं तिसरं गणित कसं येईल? हाच प्रश्न मला हवा असतो. मी एक तयार नमुना देतो. वर शाळेचं नाव, वेळ, गुण, खाली प्रश्न. त्यात फक्त प्रश्न बदलायचे. पहिल्या पंधरा मिनिटांत प्रत्येकाच्या नावाची पीडीएफ पडद्यावर आली पाहिजे, मग तिच्यात एकच गणित का असेना.

एका संगणकावर दोघांनी बसायचं. एकाने गणित मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं. वाचणारा अडखळला की समजायचं, इथे कंस लागणार आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, चूक मुद्दाम करायची. मी सांगतो, आता एक बंद होणारा महिरपी कंस काढून टाका आणि कंपाइल करा. लाल अक्षरात इंग्रजी संदेश येतो. सगळे दचकतात. मग तो संदेश आम्ही मिळून वाचतो. त्यात ओळीचा क्रमांक असतो. पण प्रोग्रॅमला चूक जिथे लक्षात आली ती ती ओळ असते, चूक जिथे झाली ती नसेलही. हे तुम्हाला मी काय सांगू! उत्तरपत्रिकेत चिन्ह दुसऱ्या पायरीत चुकतं आणि गडबड पाचव्या पायरीत दिसते. आपण वर वर जात शोधतो, इथेही तसंच शोधायचं. स्वतः केलेली चूक स्वतः दुरुस्त झाली की लाल रंगाची भीती जाते.

दुसरी चूक जास्त धोक्याची आहे, कारण तिच्यात संदेश येतच नाही. टोपीचं चिन्ह देऊन दहा लिहा. क्षचा दहावा घात यायला हवा. पण टोपी फक्त पुढच्या एका चिन्हाला वर नेते, त्यामुळे एक वर जातो आणि शून्य खाली राहतो. दहा महिरपी कंसात घातला तरच पूर्ण वर जातो. प्रोग्रॅम तक्रार करत नाही, कारण त्याच्या दृष्टीने तुम्ही लिहिलं ते ठीकच आहे. म्हणजे लेटेक आलं म्हणून मुद्रितशोधन संपलं असं समजू नका. छापलेला पेपर आपण एकदा विद्यार्थ्यासारखा सोडवून बघायचाच. मी त्या दिवशी तेवढं केलं असतं तरी पुरलं असतं.

घरी गेल्यावर पुढे काय, असं तुम्ही विचाराल. मुंबईच्या आयआयटीत प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी उभा केलेला स्पोकन ट्युटोरियल नावाचा उपक्रम आहे, केंद्र सरकारच्या निधीतून चालवलेला. साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे. पडद्यावर कोणीतरी काम करतंय आणि सोबत आवाज समजावून सांगतोय. लेटेकचे धडे त्यात आहेत आणि ते मराठी आवाजातही आहेत. पडद्यावरचं इंग्रजीच राहतं, कारण आज्ञा इंग्रजीच आहेत, पण समजावणं मराठीत. अर्ध्या पडद्यावर धडा, अर्ध्या पडद्यावर आपलं काम. ते थांबवायचं, आपण करायचं, पुन्हा सुरू करायचं. पत्र लिहिणं, अहवाल लिहिणं, गणिती मजकूर, समीकरणं, तक्ते, असे वेगवेगळे धडे आहेत. सगळे फुकट.

हे फक्त आयआयटीवाल्यांचं काम आहे असंही नाही. केरळमध्ये तिरुवनंतपुरमला केरळ विद्यापीठाच्या गणित विभागातले प्रा. के. एस. एस. नंबूरीपाद यांनी टेकची गोडी लावली. त्यातून भारतातल्या टेक वापरणाऱ्यांची संघटना उभी राहिली. २००२ साली टेक वापरणाऱ्यांची जागतिक परिषद तिरुवनंतपुरमला भरली आणि २००३ मध्ये या संघटनेने नवशिक्यांसाठी एक पुस्तिका काढून मोफत दिली. सुरुवात झाली ती गणित शिकवणाऱ्या माणसांपासून.

आता मराठीचं काय? पूर्वी हे खरंच अवघड होतं. १९९१ च्या सुमारास नेदरलँड्सचे फ्रान्स वेल्थॉइस यांनी टेकसाठी देवनागरी तयार केली, पण त्यात मराठी रोमन अक्षरांत टाइप करून मग रूपांतर करावं लागायचं. २००४ मध्ये जोनाथन क्यू यांनी झीटेक आणलं. तेव्हापासून मोबाइलवर मराठी टाइप करतो तसं सरळ युनिकोडमध्ये लिहिता येतं. नमुन्याच्या वरच्या दोन-तीन ओळींत फाँटचं नाव सांगायचं, बस. मी शोभिका हा फाँट वापरतो. तो मुंबई आयआयटीत तयार झाला, आणि त्यातली देवनागरी अक्षरं राज्य मराठी विकास संस्थेच्या यशोमुद्रा या मुक्त फाँटवरून घेतलेली आहेत. दोन्ही फुकट.

दोन सूचना. तुमच्याकडे जुने पेपर युनिकोडपूर्व फाँटमध्ये असतील, तर ते आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावे लागतील, नाहीतर अक्षरांचा चिवडा होतो. आणि मी आज बोलताना क्ष म्हणतोय, पण दहावीच्या पुस्तकात इंग्रजी अक्षरंच आहेत, ती अडचणीशिवाय येतात. डॉलरच्या आत देवनागरी अक्षर हवंच असेल, तर हा मजकूर आहे असं 'टेक्स्ट' या आज्ञेने सांगावं लागतं. नाहीतर ते अक्षर गुपचूप गळून जातं.

वेळ होत आला. काही प्रश्न असतील तर घेऊ.

"सर, वर्डमध्येसुद्धा समीकरण लिहिता येतं की. मग हे कशाला?"

चांगला प्रश्न विचारलात, मॅडम. येतं. एका पानाची चाचणी असेल, दोन अपूर्णांक असतील, तर वर्डच वापरा, उगाच तोफ आणू नका. पण नव्या वर्डच्या समीकरणाच्या चौकटीतही लेटेकच्या या आज्ञा चालतात. विकिपीडियावरची सूत्रं अशीच लिहिलेली असतात, जिओजिब्रात आकृतीवर सूत्र टाकायचं तरी हेच चालतं. भाषा एकदा शिकलात की ती अनेक ठिकाणी कामाला येते. दुसरं असं, लेटेकची फाइल म्हणजे साधा मजकूर. काही केबी. ती व्हॉट्सॲपवर दुसऱ्या शाळेतल्या मित्राला गेली तरी समीकरण जागचं हलत नाही. आकडे बदलले की पाच मिनिटांत दुसरा संच तयार. आणि तिसरं, जे कमी लोकांच्या लक्षात येतं. न दिसणाऱ्या मुलासाठी संगणक पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो. चित्र म्हणून चिकटवलेलं सूत्र त्याला वाचता येत नाही. लेटेकमध्ये लिहिलेलं सूत्र ओळीतून, कंसांसकट, वाचता येतं.

"आमचं वय पन्नाशीपुढे. आता जमेल का?"

गुरुजी, अपूर्णांकात अंश कुठे संपतो हे तुम्हाला कोणी विचारलं तर तुम्ही क्षणात सांगाल. ते ज्याला सांगता येत नाही अशा पंचविशीतल्या पोरापेक्षा तुम्ही पुढे आहात. टायपिंगचा वेग कमी असेल, असू द्या. पहिल्या पेपरला हाताने लिहिण्यापेक्षा दुप्पट-तिप्पट वेळ जाईल हेही आधीच सांगतो. तिसऱ्या-चौथ्या पेपरपासून हिशोब उलटतो, कारण निम्मं काम जुन्या फाइलमधून येतं.

"त्या मुलीचे गुण दिले का, सर?" हे मागून कोणी विचारलं?

दिले, बाळा. पूर्ण दिले. तिने छापलेलं गणित बरोबर सोडवलं होतं. चुकीचं गणित मी छापून आणलं होतं.

चला, बोलणं पुरे. बाजूच्या खोलीत संगणक मांडलेत, नमुन्याची फाइल प्रत्येकावर आहे. ज्यांनी जुने पेपर आणलेत त्यांनी जोड्या करा. पहिलं गणित वर्गसमीकरणाचं घ्या, आणि दोन वर चढलाय का ते एकमेकांचं तपासा.